घरात एकच संगणक, वापरणारे चौघं: सुरक्षिततेची कामं कोणत्या क्रमाने करावीत?

शाल्मली_

नमस्कार मंडळी. आई-वडील, शाळकरी मुलगी आणि आजोबा असे चौघं मिळून एकच संगणक वापरतात असं धरून चला. विंडोज ११ आहे. सुट्टीच्या दिवशी तीनेक तास हाताशी आहेत. ऑनलाइन सुरक्षिततेच्या याद्या वाचायला घेतल्या की पन्नास कामं निघतात आणि सगळीच तातडीची असतात. मला यादी नको, क्रम हवा आहे. अमुक काम आधी का आणि तमुक नंतर का, हे कारणासकट सांगा.

माझं मत आधी मांडते. पहिला अख्खा तास ईमेल खात्याला द्यावा. बाकी कुठल्याही खात्यावर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की लिंक मेलवरच येते, म्हणजे मेल ज्याच्या हातात गेला त्याच्या हातात सगळंच गेलं. अँटिव्हायरस विकत घेणं माझ्या क्रमात सगळ्यात शेवटी, कारण विंडोजमधला अंगचा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. पटत नसेल तर जरूर खोडून काढा.

शून्य_एक

मेल आधी, याला पूर्ण अनुमोदन. पण लोक नुसता पासवर्ड बदलतात आणि काम झालं समजतात. त्या तासात प्रत्यक्षात काय पाहायचं ते लिहितो.

खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी’ पान उघडा. लॉगिन असलेल्या उपकरणांची यादी दिसते, त्यात अनोळखी किंवा विकून टाकलेला फोन असेल तर साइन आउट करा. मग रिकव्हरीचा फोन नंबर आणि पर्यायी मेल तपासा. बंद झालेला नंबर तिथे राहिला असेल तर तो उद्या दुसऱ्या कुणाला तरी मिळतो, आणि तुमच्या खात्याचे कोड त्याच्याकडे जातात.

यानंतरचं काम बहुतेक जण विसरतात: मेलचे फिल्टर आणि फॉरवर्डिंग. खात्यात शिरलेला माणूस पासवर्डला हातही लावत नाही. तो एक फिल्टर बनवतो, की ज्या मेलमध्ये ‘पासवर्ड’ किंवा बँकेचं नाव असेल तो वाचलेला म्हणून खूण करून थेट कचऱ्यात टाकायचा, आणि त्याची प्रत बाहेरच्या पत्त्यावर धाडायची. तुम्ही पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर जागेवरच राहतो. तसेच ‘ॲप पासवर्ड’ तपासा. जुन्या मेल प्रोग्रॅमसाठी दिलेले हे पासवर्ड दुसरी पायरी, म्हणजे पासवर्डनंतर लागणारा ओटीपीसारखा कोड, विचारतच नाहीत. वापरात नसलेले सगळे रद्द करा.

शेवटी बॅकअप कोड, म्हणजे दुसरी पायरी हाताशी नसताना लॉगिन करायचे राखीव कोड. गूगल आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर उतरवा. त्याच मेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवलेत तर खातं बंद पडल्यावर ते दिसणारच नाहीत.

उभी_रेघ

उत्तम प्रतिसाद. आणि पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलत राहायचं, हेही क्रमात धरा.

कुलूपकिल्ली

उभी_रेघ, याला माझा ठाम विरोध. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलं, की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदला. कारण साधं आहे. सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा १ काढून २ करतो, आणि पासवर्ड ओळखणारे प्रोग्रॅम हा बदल सगळ्यात आधी करून पाहतात.

खरा धोका एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरण्यात आहे. २००९ मध्ये ‘रॉकयू’ कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड साध्या मजकुरात साठवलेले सापडले आणि बाहेर आले. ती यादी आजही हल्ल्याच्या हत्यारांत कच्चा माल म्हणून वापरली जाते. एका ठिकाणी फुटलेली मेल-पासवर्डची जोडी शेकडो संकेतस्थळांवर आपोआप लावून पाहिली जाते. तुमचा पासवर्ड कितीही अवघड असो, दुसरीकडे तोच असेल तर त्याच्या लांबीचा काही उपयोग नाही.

म्हणून पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद साठवणारा प्रोग्रॅम. लक्षात ठेवायचा एकच मोठा पासवर्ड, बाकी सगळे त्याने तयार केलेले, वीस अक्षरी आणि वेगवेगळे. तो मोठा पासवर्ड फाशांनी बनवा. पाच फासे टाकले की ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द ठरतो, असे सहा शब्द घ्या. स्वतःच्या मनाने ‘यादृच्छिक’ शब्द निवडू नका. मनातून निवडलेले शब्द ठरावीकच निघतात, फाशांना आवडनिवड नसते.

वातकुक्कुट

एक प्रश्न. हे सहा शब्द मराठी घेतले आणि देवनागरीतच टाइप केले तर? बाहेरच्या माणसाला ओळखणं आणखी अवघड नाही का?

कुलूपकिल्ली

शब्द मराठी घ्या, टाइप रोमन अक्षरांत करा. देवनागरी पासवर्ड बाहेरच्याला नडेल की नाही ते नंतर, तुम्हाला स्वतःला मात्र नक्की नडेल. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि हलंत असा पडतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर तंतोतंत सारखं दिसतं, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’चंही तेच: एक अखंड अक्षर, किंवा अ वर वेगळा चंद्र. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे चूक कुठे झाली ते कळतही नाही. आणि संगणक सुरू होताना लॉगिनच्या पडद्यावर मराठी कीबोर्ड निवडलेला असेलच असं नाही.

वातकुक्कुट

हे अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद!

पिंपळपार

मॅनेजर आई-वडिलांना ठीक. आजोबांसाठी मी सरळ वही सुचवेन, आणि यात कमीपणा काही नाही. नेटवरून येणारा चोर कपाटातल्या वहीपर्यंत पोचू शकत नाही. आजोबांची खाती चार-पाच असतात. प्रत्येकाला वेगळा, लांब पासवर्ड वहीत सुवाच्य लिहिला तर तो डोक्यात ठेवलेल्या एकाच सोप्या पासवर्डपेक्षा कितीतरी बरा. दोनच पथ्यं: वही संगणकाच्या टेबलावर ठेवायची नाही, आणि तिचा फोटो फोनमध्ये काढायचा नाही. फोटो काढला की तो क्लाउडवर चढतो आणि वहीचा सगळा फायदा संपतो.

बँकेचा पिन मात्र वहीतही नको.

शून्य_एक

वहीला +१. एक भर घालतो: मॅनेजरचा एक फायदा वहीत नाही. खोट्या संकेतस्थळावर मॅनेजर पासवर्ड आपणहून भरत नाही, कारण त्याच्याकडे नोंदलेला पत्ता जुळत नाही. वहीवाल्याने पत्ता स्वतःच वाचायला शिकलं पाहिजे.

उभी_रेघ

कुलूपकिल्ली, कारण पटलं, मुद्दा मागे घेते. मग फुटलाय की नाही हे कळायचं कसं? आणि शून्य_एक, पत्ता नेमका कसा वाचायचा? कुलपाचं चिन्ह असलं की सुरक्षित, एवढंच बहुतेकांना माहीत असतं.

शून्य_एक

ते कुलूप फक्त एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधला मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की भामटा, हे ते सांगत नाही. त्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं, भामट्यालाही मिळतं. क्रोमने तर २०२३ मध्ये हा गैरसमज टाळायलाच पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप काढून टाकलं.

पत्ता असा वाचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून त्यानंतरची पहिली एकटी तिरपी रेघ शोधा. तिथून डावीकडे वळा आणि शेवटचे दोन तुकडे पाहा. मालक तोच. समजा पत्ता आहे

माझीबँक.कॉम.खातेतपासणी.नेट/लॉगिन

इथे मालक ‘खातेतपासणी.नेट’ आहे. पुढचं ‘माझीबँक.कॉम’ ही मालकाने दाराला लावलेली पाटी, ती कुणीही काहीही लावू शकतो. काही देशांच्या पत्त्यांत शेवट दोन तुकड्यांचा असतो, ‘को.यूके’ सारखा, तिथे तीन तुकडे बघायचे. पत्त्यात त्या पहिल्या तिरप्या रेघेआधी @ आलं तर त्याच्या डावीकडचं सगळं निरर्थक, खरा पत्ता उजवीकडे. फोनवर पट्टी अरुंद असल्यामुळे लांब पत्ता अर्धवटच दिसतो, म्हणून मेसेजमधून आलेल्या लिंकवर पैशाचं कुठलंही काम करू नये. ॲप उघडा किंवा पत्ता स्वतः टाइप करा.

कुलूपकिल्ली

उभी_रेघ, फुटलाय का हे पाहायला ‘हॅव आय बीन प्वन्ड’ ही सेवा आहे, ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली. मेल पत्ता टाकला की तो कुठल्या फुटलेल्या साठ्यांत आहे ते दिसतं. पासवर्ड तपासण्याची सोयही आहे. तिथे पासवर्ड जसाच्या तसा जात नाही: ब्राउझर त्याचा ठसा (गणिताने काढलेली, उलट न उलगडणारी अक्षरांची ओळ) काढतो, त्यातली पहिली पाचच अक्षरं पाठवतो, आणि त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे सगळे ठसे मागवून जुळणी तुमच्याच संगणकावर करतो. बरेच पासवर्ड मॅनेजर आणि ब्राउझर अशी तपासणी आपणहून करतात. सेटिंगमध्ये ‘पासवर्ड चेकअप’ सारखं काहीतरी नाव सापडेल.

सांजवारा

दुसऱ्या पायरीबद्दल कुणीच बोललं नाही. एसएमएसने येणारा ओटीपी पुरेसा आहे का?

शून्य_एक

काहीच नसण्यापेक्षा नक्कीच बरा. पण सिमकार्डाची नक्कल काढून नंबर पळवता येतो. त्यापेक्षा ऑथेंटिकेटर ॲप चांगलं. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड, फोनला नेटवर्क नसतानाही चालतो. कोड सारखा चुकीचा येत असेल तर ॲप काढून टाकायची घाई करू नका, आधी फोनचं घड्याळ बघा. हा कोड गुप्त किल्ली आणि वेळ यांवरून निघतो. घड्याळ दोन मिनिटं पुढे-मागे असलं की कोड जुळत नाही. वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा, बहुतेकदा तिथेच सुटतं.

फोन बदलण्याआधी ॲप नव्या फोनवर हलवा, मगच जुना पुसा. उलट क्रमाने केलं तर बॅकअप कोडांशिवाय गत्यंतर नाही.

कुलूपकिल्ली

आणि जिथे पासकीचा पर्याय असेल तिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली, बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडणारी डिजिटल किल्ली. ॲपमधला कोड खोट्या पानावर टाइप केला तर भामटा तो त्याच मिनिटात खऱ्या पानावर वापरतो. पासकी खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, खोट्या पानावर ब्राउझर ती देतच नाही. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. मेलला आधी लावा.

वातकुक्कुट

आता संगणकाकडे वळूया का? चौघांना वेगवेगळी खाती हवीत हे माझं मत. क्रोममध्ये चार प्रोफाइल केले की भागतं, असं बरेच जण म्हणतात. ते चूक आहे. प्रोफाइल ही सोय आहे, भिंत नव्हे. वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर एक टिचकी मारली की मुलगी आईच्या मेलमध्ये.

विंडोजमध्येच चार खाती करा, चारही ‘स्टँडर्ड युजर’. पाचवं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खातं फक्त प्रोग्रॅम बसवायला, रोजच्या वापराला नाही. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, तिथे ‘चेंज अकाउंट टाइप’. नवं ॲडमिन खातं आधी तयार करा, त्यात एकदा लॉगिन करून पासवर्ड चालतो याची खात्री करा, आणि त्यानंतरच आपलं रोजचं खातं स्टँडर्ड करा.

उभी_रेघ

स्टँडर्ड खात्यात व्हायरस येत नाही, बरोबर ना?

वातकुक्कुट

नाही, येतो. स्टँडर्ड खात्यामुळे नुकसान त्या खात्यापुरतं राहतं. मुलीच्या खात्यात काही घुसलं तर आईच्या फायलींना हात लागत नाही. पण मुलीच्या स्वतःच्या फायली आणि तिच्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उघडेच असतात, ते वाचायला ॲडमिनचा अधिकार लागत नाही.

सध्या फार पसरलेला एक सापळा घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. एखादं पान उघडतं, ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’. चौकटीवर टिचकी मारली की तीन सूचना येतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. टिचकी मारताक्षणीच पानाने एक आज्ञा गुपचूप क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे) ठेवलेली असते. पहिल्या पायरीने ‘रन’ची खिडकी उघडते, दुसरीने ती आज्ञा चिकटते, तिसरीने चालते. खिडकी अरुंद असल्यामुळे आज्ञेचा धोकादायक भाग दिसतच नाही, दिसतं ते फक्त शेवटी जोडलेलं ‘पडताळणी क्रमांक’ असलं काहीतरी. मग पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन आहात हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या खुणा) काही सेकंदांत बाहेर जातात. कुकी गेली की दुसऱ्या पायरीचाही उपयोग राहत नाही, कारण चोर आधीच लॉगिन झालेला असतो.

कुठलीही खरी पडताळणी कीबोर्डवरून आज्ञा चालवायला सांगत नाही. झालंच तर नेट तोडा, दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून मेलचा पासवर्ड बदला, ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा, शून्य_एक यांनी वर सांगितलेले फिल्टर बघा, आणि या संगणकावर विंडोज नव्याने टाका. त्याच संगणकावर बसून पासवर्ड बदललात तर नवाही चोराला मिळतो.

सांजवारा

बाप रे. हे आजच सगळ्यांना दाखवते.

पिंपळपार

आजोबांना दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे कोपऱ्यातून सरकत येणारे ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस’ असे इशारे. बहुतेक वेळा संगणकात काही शिरलेलं नसतं. कधीतरी एखाद्या पानाने ‘नोटिफिकेशन दाखवू का?’ विचारलं आणि ‘अलाउ’ दाबलं गेलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या सगळ्या साइट काढा आणि पुढे विचारूच नको असं निवडा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि आजोबांची निम्मी धास्ती तिथेच संपते.

पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवणारं पान आलं तर एस्केप दाबून धरायचं. तरी हटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम, आणि टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद. त्या पानावर दिलेल्या नंबरावर फोन करायचा नाही. पलीकडचा माणूस अत्यंत गोड बोलतो आणि पडदा दाखवणारं ॲप टाकायला सांगतो. आजोबांच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून काहीही बसवायचं नाही.

सांजवारा

मुलीच्या बाबतीत काय? तिचा पडदा पाहता येईल असं सॉफ्टवेअर टाकावं का?

पिंपळपार

माझं उत्तर नाही. वेळेची मर्यादा घाला, अपडेट्स ठेवा, राउटरमध्ये किंवा संगणकाच्या वायफाय सेटिंगमध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) १.१.१.३ भरा. क्लाउडफ्लेअरच्या या पत्त्यावर घातक आणि प्रौढांसाठीची संकेतस्थळं उघडत नाहीत. चोरून पाहणारं सॉफ्टवेअर टाकलं की ती मैत्रिणीचा फोन वापरते आणि तुम्हाला सांगणं बंद करते. सांगणं बंद होणं हाच मोठा धोका आहे.

कुलूपकिल्ली

इथे पूर्ण सहमत. एखाद्याने फोटोवरून धमकावलं तर मुलं पहिल्यांदा काय करतात? खातं डिलीट करतात किंवा पैसे देतात. दोन्हींमुळे परिस्थिती बिघडते. पैसे दिले की मागणी वाढते, खातं पुसलं की पुरावा जातो. संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्यायचे, त्यात त्या खात्याचं नाव आणि वेळ दिसली पाहिजे. उत्तर देणं थांबवायचं, मोठ्यांना सांगायचं, पोलिसांकडे जायचं. अठराच्या आतल्यांसाठी ‘टेक इट डाउन’ आणि प्रौढांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवा आहेत. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. त्याचा ठसा आपल्याच उपकरणावर तयार होतो, तेवढाच जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो ओळखून रोखतात.

‘काहीही झालं तरी तुला रागावणार नाही, आधी मला सांग’ हे मुलीला आजच सांगून ठेवा. आणि ती सांगेल तेव्हा खरंच रागावू नका.

वातकुक्कुट

बॅकअप राहिला! मजकूर क्लाउडला जोडलेला आहे म्हणजे बॅकअप आहे, असं समजू नका. ते सिंक. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, खंडणीवाल्या व्हायरसने इथे फायली कुलूपबंद केल्या की तिथेही त्याच चढतात. कचरापेटीत बहुतेक सेवा ३० दिवस ठेवतात, तेवढाच आधार.

बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा जोडा, प्रत काढा, काढून ठेवा. जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतो. दुसरी डिस्क असली तर आलटून पालटून वापरा आणि एक घराबाहेर ठेवा.

अपडेट्स टाळणाऱ्यांसाठी एकच उदाहरण देतो. ‘वॉनाक्राय’ हा खंडणीवाला व्हायरस १२ मे २०१७ ला जगभर पसरला. त्याने वापरलेली फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जवळपास दोन महिने ते पडून होतं. आणि कुणाच्या घरी अजून विंडोज १० असेल तर त्याची नियमित मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत, त्याचा विचार आधी करा.

उभी_रेघ

वाचनखूण साठवली. एवढ्या उपयोगाचा धागा बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता.

शाल्मली_

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते. माझा क्रम बदलला आहे. आधी हार्ड डिस्कवर प्रत, कारण ती निघायला वेळ लागतो आणि ती चालू असताना शेजारी फोनवर मेलचं काम होईल: उपकरणं, रिकव्हरी, फिल्टर, पासकी, बॅकअप कोड. डिस्क काढून ठेवल्यावर विंडोजची खाती. मग आजोबांची नोटिफिकेशन्स आणि वही. पासवर्ड मॅनेजरमध्ये त्या दिवशी फक्त मेल, बँक आणि फोनचं खातं. बाकीचे जसजसं लॉगिन करावं लागेल तसतसे बदलायचे. मुलीशी बोलणं या तीन तासांत बसवणार नाही, ते निवांतपणे.

काही सुटलं का?

शून्य_एक

क्रम चांगला आहे, पण दोन गोष्टी. प्रत काढून झाली की तिच्यातल्या दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. डिस्क भरलेली दिसते आणि आत डेस्कटॉप फोल्डरच नसतं, असं होतं.

दुसरं, विंडोज ११ च्या बऱ्याच संगणकांवर डिस्क आपोआप कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) झालेली असते. मोठ्या अपडेटनंतर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर ती एकदम ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक पहिल्यांदा सुरू केला त्यात असते, आणि ते खातं कुणाचं होतं हे घरात कुणालाच आठवत नाही. खात्यांची फेररचना करण्यापूर्वी ती शोधा.

शाल्मली_

४८ आकडे हाताने उतरवताना चूक होईल. प्रिंट काढली तर चालेल ना?

शून्य_एक

प्रिंटच काढा. सोबत की-आयडीही छापला गेलाय ना तेवढं बघा. घरात दोन संगणक झाले की कुठली की कुणाची हे त्यावरूनच कळतं. ती प्रिंट आणि मेलचे बॅकअप कोड एकाच पाकिटात घालून कपाटात, संगणकाच्या बॅगेत नाही.